मातीमामांची डावी बाजू

मातीमामांना कुणाचं चांगलं बघवत नसे असं म्हटलं, तर तो अन्याय होईल. सगळ्या जगाचं चांगलं त्यांना खुशाल बघवायचं. शेजाऱ्याने घरावर मजला चढवला तेव्हा मामा स्वतः ओळंबा घेऊन वर गेले आणि भिंत सरळ असल्याचं सांगून आले. फक्त एका माणसाचं काही बरं झालं की त्यांच्या पोटात दुखायला लागायचं, आणि तो माणूस म्हणजे त्यांचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बरं, तो लांब कुठे असता तर निभावलं असतं. पण तो त्यांच्याच खात्यात, त्यांच्या शेजारच्या टेबलावर कामाला होता. आणि त्याला तिथे चिकटवला कुणी? खुद्द मामांनी. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा म्हणजे आणखी काय असतं हो?

मामा मोटारीच्या कारखान्यात होते, पण इंजिनाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. नवी गाडी पत्र्याची व्हायच्या आधी मातीची होते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आत लाकडाचा सांगाडा, त्यावर फोम, आणि त्यावर चार बोटं जाड तपकिरी माती. ही माती भट्टीत गरम केली की लोण्यासारखी लावता येते, आणि गार झाली की साबणाच्या वडीसारखी खरवडता येते. खऱ्या मापाची अख्खी गाडी अशी उभी करायची आणि पोलादी पट्टीने खरवडत खरवडत तिला रूप आणायचं. मामांनी उभी हयात हेच केलं. डोळे मिटून दारावरून तळहात फिरवला की कुठे केसाएवढा खड्डा आहे ते सांगायचे. त्यांच्या नखांतली माती लग्नाला जायच्या दिवशीही निघत नसे, म्हणून ते मातीमामा.

साडू म्हणजे हसरा गडी. काम बेताचं, पण खात्यात शिरला की चार माणसं आपोआप त्याच्याभोवती. मामा सासूबाईंचा वाढदिवस कधी विसरले नाहीत; भेटवस्तू घेऊन गेले की सासूबाई म्हणायच्या, "ठेवा हं तिथे." हा पठ्ठ्या साफ विसरायचा, दोन दिवसांनी रिकाम्या हाताने उगवायचा, आणि त्या हसून म्हणायच्या, "आला बाई एकदाचा! बस, दमला असशील." दमला असशील! कशाने दमला असेल? मामांच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

पण सगळ्यांत जास्त खुपायची ती साडूची गाडी. जुनीपुराणी स्टेशन वॅगन, बाटलीसारखी हिरवी, एक दार कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचं. छप्पर पार शेपटापर्यंत सरळ गेलेलं, मागचं दार वर उघडणारं, आणि दाराखालचा उंबरा गुडघ्याएवढाच, की सासरेबुवांनी त्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधाव्यात. आत शेवटी एक तिसरी सीट, तीही मागे तोंड करून बसायची. त्या सीटसाठी सगळ्या पोरांची मारामारी.

मामांची गाडी चार दारांची, डिक्की वेगळी, दर रविवारी धुतलेली. सहलीला निघालं की बायको, मेहुणी, सासूबाई, दोन्हीकडची पोरं आणि कुत्रं, सगळे साडूच्या वॅगनमध्ये. मामांच्या गाडीत सतरंज्या, पाण्याचा कॅन आणि घोरणारे सासरे. मग वॅगन पुढे आणि मामा मागे. समोर वॅगनच्या मागच्या काचेत मामांची स्वतःची लेक दोन मावसभावांच्या मधे बसलेली. ती बापाला हात करायची, जीभ काढून दाखवायची, मग तिघंही कशाने तरी हसत सुटायची. हसताना दिसायची, ऐकू काही यायची नाहीत. वर्षानुवर्षं मामा असे त्या काचेच्या मागे गाडी चालवत गेले.

"अहो, आपणही घेऊ या ना तसली," बायको एकदा म्हणाली.

"तसली? मालगाडी आहे ती! मागची बाजू करायचा कंटाळा आला की तिला वॅगन म्हणतात."

हे खोटं होतं, आणि मामांना ते चांगलं माहीत होतं. डिक्कीवाली गाडी माणसं वेगळी ठेवते आणि सामान वेगळं. वॅगनमध्ये पोरं, कुत्रं, छत्र्या, कलिंगड, रुसलेली आत्या, सगळं एकाच छपराखाली मावतं आणि कुणाला कुणापासून तोडावं लागत नाही. म्हणून ती घरच्यांना आवडते. आणि म्हणूनच ती घडवायला अवघड. पुढून गाडी देखणी करणं कुणालाही जमतं हो. पण एवढी मोठी मागची बाजू खोक्यासारखी दिसू न देणं, यात भल्याभल्यांची भंबेरी उडते.

तर झालं असं, की खात्याचे जुने प्रमुख निवृत्त व्हायला आले, आणि त्याच सुमारास कारखान्याने नवी स्टेशन वॅगन काढायची ठरवली. डिझाइनच्या मोठ्या बाई माती खात्यात आल्या. बाई मोजकं बोलायच्या, पण नजर घारीची. त्या म्हणाल्या, "पुढचा भाग ठरलाय. मागचा भाग दोन तऱ्हांनी करून बघू. डावी बाजू मातीमामा करतील, उजवी त्यांचे साडू. कागदावरचं चित्र मी मुद्दाम कच्चं ठेवलंय. ज्याची बाजू पास होईल, तो पुढचा प्रमुख."

खात्यात टाळ्या पडल्या. साडूने येऊन मामांचा हात धरला. "दादा, आता काय खरं नाही बुवा माझं!" म्हणाला आणि हसला. मामांना ते हसू बिलकूल आवडलं नाही. ज्याला जिंकायची खात्री असते तोच असं हसतो, असं त्यांच्या डोक्यात बसलं.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मग बरंच आहे की. कुणी का होईना, घरातच राहील."

"घरातच? अगं, तो प्रमुख झाला तर मी त्याला साहेब म्हणायचं?"

"नाहीतर ते तुम्हाला म्हणतील. त्यांना कुठे वाईट वाटणारेय?"

"तेच तर म्हणतोय मी! त्याला वाईट वाटत नाही!" मामा ओरडले. बायकोने उशीचा अभ्रा झटकला आणि विषय तिथेच सोडला. पण मामांचा जीव टांगणीला लागला होता. सासरी तो पहिला, पोरांत तो पहिला, सहलीत तो पुढे. एक माती खातं तेवढं असं होतं जिथे मामा पुढे होते. तेही गेलं तर मग राहिलं काय?

दोन बाजूंची स्पर्धा असली की त्या खात्याची एक रीत होती. गाडी उभी चिरायची, दोन अर्ध्यांमधे हातभर फट ठेवायची आणि फटीत छतापासून जमिनीपर्यंत जाड पडदा सोडायचा. काम चालू असताना पडद्यापलीकडे जायचं नाही, डोकवायचं नाही. निकालाच्या दिवशी पडदा काढून त्या जागी दोन्हीकडून चकाकणारा मोठा आरसा सरकवायचा. मग प्रत्येक अर्ध्याला त्याचंच प्रतिबिंब जोडून मिळतं, आणि दोन्हीकडे एकेक पूर्ण गाडी दिसते. मामा रीत पाळणारे. त्यांनी पडद्याला बोटसुद्धा लावलं नाही.

पण खरवडलेली माती टाकून देत नाहीत. ती ट्रेमध्ये भरून भट्टीशी ठेवायची, की पुन्हा गरम होऊन वापरता येते. भट्टी दोघांत एकच. पहिल्याच दिवशी संध्याकाळी मामा आपला ट्रे ठेवायला गेले तर शेजारी साडूचा ट्रे शिगोशीग भरलेला. मामांच्या ट्रेमध्ये जेमतेम तळ झाकला होता.

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, भरला असेल ट्रे, आपल्याला काय. पण मामांना खरवड वाचता यायची. तुकडा हातात घेतला की कुठली पट्टी, कुठला उतार, हात कसा फिरला, सगळं त्यांना कळायचं. साडूच्या ट्रेमध्ये हातभर लांब, न तुटलेल्या फिती होत्या. इतकी लांब फीत केव्हा निघते? छपरापासून शेपटापर्यंत एका दमात पट्टी ओढली तर. हा गडी छपराची रेघ एका ओढीत मारतोय!

दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये आतून गोल वळलेले छोटे तुकडे निघाले. ते मागच्या कोपऱ्याचे. वॅगनला मागच्या कोपऱ्यात जाड खांब लागतो, छप्पर त्यावर टेकतं आणि सगळी गाडी तिथेच बोजड दिसते. तुकडे बघून मामांनी ताडलं, की साडूने तो खांबच काढून टाकलाय. बाजूची काच कोपऱ्यावरून वळवून थेट मागच्या काचेत नेलीय, मधे काही नाही. म्हणजे मागच्या सीटवरच्या पोराला गॅलरीत बसल्यासारखं वाटणार. आणि छप्पर त्या काचेवर अलगद, जणू कुणी हात धरून ठेवलाय असं. काय सुचलं लेकाला! मामा भट्टीशी उभे राहून ती गाडी डोळ्यांपुढे बघत राहिले आणि त्यांना अक्षरशः रडू येईल असं वाटलं. इतकी देखणी वॅगन त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

तेव्हापासून अन्न गोड लागेना. रोज संध्याकाळी ट्रे बघायचा, रोज त्या गाडीत काही ना काही वाढायचं. कधी कमरेवरची एक बारीक रेघ, कधी दिव्यापाशी हळूच आत गेलेला गाल. मामांची जळून राख व्हायची वेळ आली. कोपऱ्यातला खांब आपणही काढावा, असं एकदा मनात येऊन गेलं. हात पट्टीकडे गेलासुद्धा. पण छे! जळणं वेगळं आणि चोरणं वेगळं. ती कल्पना साडूची. मामांनी आपला खांब ठेवला तो ठेवला, आणि बाकी सगळ्या बाजूवर तुटून पडले.

आणि खरं सांगायचं तर, असं काम त्यांच्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं. स्टेशन वॅगनची मागची बाजू मामांइतकी कुणी बघितली असेल? किती रविवार त्यांनी नुसती तीच बघत काढले होते. छप्पर कुठे जड वाटतं, उतार कुठे संपायला हवा, उंबरा किती खाली असला की म्हाताऱ्या माणसाला बसता येतं, सगळं डोळ्यांत भरलेलं. मागच्या काचेची खालची कड त्यांनी इतकी खाली आणली की लहान पोर बसलं तरी त्याचा चेहरा बाहेरून पुरता दिसावा. शेवटी तर ते मोजेनासे झाले. हात जाईल तिकडे पट्टी जात होती.

निकालाचा दिवस उजाडला. बाई आल्या, सगळं खातं गोळा झालं. पडदा निघाला, आरसा सरकला. मातीवर रुपेरी कागद ताणून बसवला होता, त्यामुळे दोन्ही बाजू पत्र्यासारख्या चमकत होत्या. बाई आधी डावीकडे गेल्या. बुटकं स्टूल घेऊन गाडीच्या मागे बसल्या आणि काचेच्या खालच्या कडेवरून बोट फिरवत गेल्या.

"काच एवढी खाली का घेतली?" त्यांनी विचारलं.

"मागून येणाऱ्याला दिसायला हवं ना, आत कोण बसलंय ते," मामा म्हणाले. त्यांचं अर्धं लक्ष आरशापलीकडे होतं.

बाईंनी मान हलवली, उठल्या आणि उजवीकडे वळल्या. मामा त्यांच्या मागोमाग, जवळजवळ पळतच. मनाची तयारी केली होती. हरायचंय तर त्या गाडीपुढे हरू, निदान बघायला तरी मिळेल.

आणि बघतात तो काय, उजव्या बाजूला गाडीच नव्हती. म्हणजे होती, पण ती ही नव्हे! छप्पर मधेच खचलेलं, मागची बाजू नुकत्याच जेवून उठलेल्या माणसासारखी फुगलेली, आणि कोपऱ्यात खांब. चांगला मांडीएवढा खांब! मामा वाकून बघायला लागले, जणू खरी गाडी त्याच्या आत कुठे तरी दडली असेल.

"बाकीची कुठाय?" त्यांनी साडूला विचारलं.

"बाकीची म्हणजे?"

"रोज ट्रे भरून माती काढत होतास, ती कुठनं?"

"अहो दादा, जमतच नव्हतं!" साडू डोकं खाजवत हसला. "सकाळी लावायची, संध्याकाळी काढायची. तोच कोपरा मी किती वेळा केला असेल. काल तर भट्टीतली मातीच संपली."

हात्तिच्या! तेवढ्यात बाई म्हणाल्या, "यात विचार करण्यासारखं काही नाही. डावी बाजू. मातीमामा, अभिनंदन."

टाळ्या पडायला लागल्या, आणि मामा ओरडले, "थांबा!"

सगळे थांबले.

"माझी नको. ह्याची गाडी माझ्यापेक्षा चांगली आहे."

बाईंनी फुगलेल्या बाजूकडे बघितलं, मग मामांकडे. पण मामांना आता कुणी दिसत नव्हतं. ते साडूच्या बाजूपाशी गेले आणि हवेत हात फिरवत सांगायला लागले. इथे खांब नाही, काच अशी वळून मागे जाते. छप्पर असं एका ओढीत येतं, इथे किंचित थांबतं. ही रेघ इथून सुरू होते आणि दिव्यापाशी बुडते. इतके दिवस ज्या गाडीने छळलं ती अख्खी गाडी त्यांनी लोकांपुढे उभी केली, कारण ती नाहीच हे त्यांना सहन होत नव्हतं.

"हे सगळं तुम्हाला यांच्या कामात दिसलं?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

"रोज बघत होतो," मामा म्हणाले. आणि ते खरंच होतं.

"मला असलं काही सुचलं नव्हतं हो बाई," साडू प्रामाणिकपणे म्हणाला. पण लोकांना तो त्याचा विनय वाटला. बाईंनी जागच्या जागी ठरवलं, की डावी बाजू घ्यायची, पण कोपऱ्यातला खांब काढून तिथे साडूची वळलेली काच बसवायची. साडूची! मामांच्या कानात ते शब्द उकळत्या तेलासारखे गेले. तोंड उघडलं, पण बोलणार काय? माझी कल्पना आहे म्हणावं, तर आत्ता एवढं तोंड फाडून कुणाची म्हणून सांगितली? बाई पुढे म्हणाल्या, "जिंकलेला माणूस हरणाऱ्याच्या कामात एवढं बघतो, हे मी आजवर पाहिलं नाही. प्रमुख असाच हवा." जुने प्रमुख डोळे पुसत होते. कुणीतरी म्हणालं, "मन असावं तर असं."

संध्याकाळी साडू आणि मेहुणी घरी आले. मेहुणी आल्या आल्या बहिणीच्या गळ्यात पडली. "ताई, भाऊजींनी आज काय केलं ऐकलंस? स्वतःचा विजय बाजूला ठेवून ह्यांची बाजू मांडली सगळ्यांसमोर!"

बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून मामांकडे बघितलं. एवढी वर्षं संसार केलेली बाई. तिने एका नजरेत सगळं ओळखलं आणि हसू आवरायला परत आत वळली. भांडी उगाचच वाजायला लागली.

साडू मात्र आज हसत नव्हता. तो खुर्चीच्या कडेला बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांमधे घालून. मामांनी त्याला असा कधी बघितला नव्हता.

"दादा, एक बोलू? राग मानू नका."

"बोल."

"हरल्याचं मला काही नाही. तुम्ही माझे गुरू, तुमच्याकडून हरण्यात कसली लाज. पण ते तुम्ही माझ्या त्या घाणेरड्या कामात एवढं चांगलं बघितलंत ना, ते घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना. मला नसतं हो जमलं. माझ्यात तेवढं मनच नाही." त्याने मान वर केली. "पहिल्यांदाच सांगतोय कुणाला, मला तुमचा हेवा वाटतोय. खरंच जळतोय मी तुमच्यावर."

हे शब्द त्या तोंडून ऐकायला मामांनी अर्धं आयुष्य काढलं होतं. ह्याने एकदा, फक्त एकदा आपल्यावर जळावं. हातावर जळावं, नजरेवर जळावं, कशावरही. आता तो समोर बसून जळत होता, डोळ्यांत पाणी आणून, आणि जळत होता ते नेमकं मामांकडे जे औषधालाही नव्हतं त्यावर.

खरं सांगून टाकावं असं दोनदा त्यांच्या ओठांवर आलं. आत भांडी वाजायची थांबली होती. बायको कान देऊन ऐकत असणार. साडू अजून तसाच त्यांच्याकडे बघत होता.

"अरे, त्यात काय एवढं," मामा म्हणाले. "माणसाने मन मोठं ठेवावं."